नकाशात नसलेलं दोरघर

आमच्या नगररचना कचेरीत आखणीकार एकच होते, आणि त्यांना सगळे रेघोबा म्हणायचे. अगदी तोंडावरसुद्धा. पहिल्यांदा कोणी म्हटलं ते आठवत नाही, पण मीच म्हटलं असणार असा मला दाट संशय आहे, कारण कचेरीत कोणाला काही नाव पडलं की सगळे माझ्याकडेच बोट दाखवतात. दाखवू देत. चोवीस वर्षं त्या माणसाच्या समोरच्या टेबलावर बसून मी टाइप केलंय, तेवढा हक्क माझा आहे.

रेघोबांचं सगळं रेघेत. सकाळी साडेनऊला आले की आधी टेबल पुसायचं, मग पेन्सिली काढायच्या. सहा पेन्सिली, सहाही एका लांबीच्या. एखादी झिजली की बाकीच्या पाच तासून तिच्याएवढ्या करायच्या. मी म्हणायचे, "अहो, याला शिस्त म्हणायची की उधळपट्टी?" तर म्हणायचे, "बाई, लांबी बदलली की हात बिचकतो." हात बिचकतो म्हणे! शर्टावर कापडी बाह्या चढवायच्या, श्वास रोखायचा आणि रेघ ओढायची. रेघ पुरी होईपर्यंत त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. एकदा चहाच्या शेगडीजवळच्या फडक्याने पेट घेतला आणि मी आग आग म्हणून ओरडले, तर हा माणूस रेघ संपवून, पेन्सिल जागेवर ठेवून मग उठला. तोवर मी फडकं विझवलंही होतं.

घरीही तीच तऱ्हा. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की भिंतीवरची तसबीर पाव बोट कलली तरी यांच्या घशाखाली घास उतरत नाही. लेकीच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांच्या खुर्च्यांचा नकाशा काढला होता, मोजमापासकट. नवरदेवाचे मामा दोन ओळींच्या मध्ये खुर्ची ओढून बसले, तर हे त्यांना उठवायला निघाले. "मी सदरा धरून मागे ओढलं म्हणून सोयरीक टिकली," असं वहिनी अजून सांगतात.

आता अशा माणसाच्या हातून नकाशात चूक झाली असं कोणी म्हटलं असतं, तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्या गावच्या नदीवर एक जुना धक्का आहे. दगडी पायऱ्या, वखारींची रांग, जकातघर आणि घड्याळ नसलेला घड्याळाचा मनोरा. पूर्वी तिथे बोटी लागायच्या, माल उतरायचा. आता बदकं लागतात आणि शाळेच्या सहली उतरतात. जागा जुनी, नाजूक, त्यात नदी पायाशी. एक दगड हलवायचा तरी दहा जणांना विचारावं लागतं. म्हणून चोवीस वर्षांपूर्वी कचेरीने धक्क्यासाठी एक नियमावली काढली. निळा पुठ्ठा, एकेचाळीस पानं, शेवटी घडी घातलेला नकाशा. काय बांधावं, काय बांधू नये, कुठे कोणता रंग लावावा, सगळं त्यात. मजकूर मी टाइप केला, नोकरीला लागून मला तेव्हा दोनच महिने झाले होते. नकाशा रेघोबांनी काढला. त्याची एक मोठी प्रत चौकट करून सभागृहात लावली होती, खाली त्यांची सही. कोणीही कचेरीत आलं की काही ना काही निमित्त काढून रेघोबा त्याला सभागृहातून न्यायचे. स्वच्छतागृहाचा रस्ता विचारला तरी सभागृहातूनच.

नियमावलीचं वय झालं होतं. कॅसेट विकणाऱ्या टपऱ्यांना करडा रंग असावा, असं एक कलम. सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्याचं तोंड नदीकडे नसावं, असं दुसरं. का, ते देवाला ठाऊक. तार कचेरीपासून शंभर पावलांत भोंगा वाजवू नये. आणि तार कचेरीच्या जागी केव्हाच चष्म्यांचं दुकान आलं होतं. पण आम्ही त्याच पुस्तकावर चोवीस वर्षं इमानेइतबारे कारभार केला. कोणाचा अर्ज आला की मी निळं पुस्तक उघडायचं, नकाशात बघायचं आणि उत्तर टाइप करायचं. धक्का कचेरीपासून चालत वीस मिनिटांवर, पण तिथे जाऊन डोळ्यांनी बघावं असं कोणाच्या मनात यायचं नाही. "नकाशा हाच पुरावा" हे आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या तोंडचं वाक्य. जागेवर गेलं की लोक रडगाणं गातात, नकाशा गात नाही, असा सगळा हिशेब.

मग नवीन मुख्य नियोजक आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्या आठवड्यात निळं पुस्तक वाचून मॅडम खोलीत एकट्याच खो खो हसल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात हुकूम सुटला. नियमावली नव्याने लिहायची, नकाशा नव्याने काढायचा, आणि त्याआधी प्रत्येक भूखंड जागेवर जाऊन बघायचा. शिवाय नदीकाठाने एक पायवाट करायची होती. जिथे जिथे जुन्या नकाशात मोकळी जागा होती, तिथून ती जाणार होती, आणि तशा जागांवर काही उभं असेल तर महिन्याभरात हलवा अशा नोटिसाही लागल्या होत्या.

रेघोबांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. "जाता जाता ही कसली पायपीट मागे लावली," म्हणून ते कुरकुरले, पण मनातून खूश होते. आपला नकाशा किती चोख आहे ते आता जागेवर सिद्ध होणार होतं ना!

एका सकाळी आम्ही दोघं निघालो. त्यांच्या हातात नकाशा, माझ्या हातात वही. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. प्रत्येक भिंत जिथल्या तिथे. रेघोबा पुढे पुढे, मान ताठ. "बघा बाई, ह्या पायऱ्या. नकाशात नऊ आहेत. मोजा." मी मोजल्या, नऊच होत्या. "हा खांब. जकातघरापासून बारा फुटांवर. मोजायचा का?" मी म्हटलं, "नका हो, माझा विश्वास आहे." तरी त्यांनी मोजला. सोळा नंबर होईपर्यंत माझे पाय गळाले होते, आणि त्यांचा चेहरा बक्षीस समारंभाला निघाल्यासारखा झाला होता.

सतरा नंबर. नकाशात लिहिलं होतं, मोकळी जागा. समोर उभी होती चांगली चाळीस पावलं लांब इमारत. अरुंद, दगडी जोत्याची, लाकडी भिंतींची, एका अंगाला कललेली.

रेघोबांनी नकाशाकडे पाहिलं. इमारतीकडे पाहिलं. नकाशा उलटा धरून पाहिला.

"आपण भलतीकडे आलो, बाई."

"नदी तिथेच आहे, जकातघर तिथेच आहे. आपणच तेवढे भलतीकडे कसे आलो?"

दारावर नोटीस डकवलेली होती. दार उघडंच होतं. आत सत्तरीच्या एक बाई कमरेला तागाचा भारा गुंडाळून उलट्या पावली मागे मागे चालत होत्या. दुसऱ्या टोकाला विजेच्या मोटारीवर एक चाक फिरत होतं, आणि त्यांच्या बोटांमधून दोर वळला जात होता. आम्हाला बघून त्या थांबल्या नाहीत.

"पाडायला आला असाल तर हा दोर पुरा होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मध्येच सोडला की उलगडतो."

"पाडायला नाही हो मावशी, बघायला आलोय," मी म्हटलं.

"बघायला? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!" त्या हसल्या. दोर पुरा करून, गाठ मारून मगच त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं. मला त्यात रेघोबांशी साम्य दिसलं, पण ती वेळ चिडवायची नव्हती.

हे दोरघर. मावशींच्या सासरचं. पूर्वी धक्क्याला लागणाऱ्या सगळ्या बोटींना इथून दोर जायचा. आता बोटी नाहीत, पण झोपाळेवाले येतात, तंबूवाले येतात, व्यायामशाळावाले रस्सीखेचीसाठी जाड दोर नेतात. मावशींचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्या एकट्याच चालवतात. छप्पर गळतं, नदीकडची भिंत कललीय. "दुरुस्तीला परवानगी मिळत नाही," त्या म्हणाल्या. "आमचंच चुकलेलं आहे, तुम्हाला काय बोलणार? विनापरवाना आहे म्हणे. आमच्या ह्यांनी अकरा अर्ज केले, पण अर्ज केल्याने खोट्याचं खरं होतं का? तेवढा एक महिना जास्तीचा मिळाला तर बघा. हातातली कामं पुरी करते, मग जाते बहिणीकडे."

आणि त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीतून अकरा उत्तरं काढून माझ्या हातात ठेवली.

'सदर भूखंडावर नकाशात कोणतेही बांधकाम आढळत नाही. सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' अकराही पत्रांत तेच. हे वाक्य माझ्या बोटांना पाठ होतं. अकराही मीच टाइप केली होती. मावशींना ते सांगायचं सोडून मी पत्रं घडीवर घडी घालून पेटीत परत ठेवली.

परत येताना रेघोबा म्हणत होते, "नंतर बांधलं असणार. नकाशा काढल्यानंतर."

"अहो, जोत्याच्या दगडांवर बोटभर शेवाळ आहे! कडी बघितलीत का, बोट बांधायची? गंजून अर्धी झालीय. चोवीस वर्षांत होतं का तसं?"

"नंतरच बांधलं असणार," ते पुन्हा म्हणाले, पण आवाज गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी आले तर ते दप्तरखान्यातून मूळ मोजणीचा कागद काढून बसलेले. नव्वद वर्षांपूर्वीचा. चोवीस वर्षांपूर्वी याच कागदावर अर्धपारदर्शक कापड पसरून त्यांनी आपला नकाशा उतरवला होता. मूळ कागदावर सतरा नंबरला एक लांबट चौकोन होता आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोरघर. शेजारी रेघोबांचं ते कापड पसरलेलं होतं. त्याच्यावर सतरा नंबरला काहीच नव्हतं. नुसतं दोरघर नाही असं नव्हे. आजूबाजूच्या गवताचे ठिपके, काठाची रेघ, झाडं, सगळं एका जागी येऊन थांबत होतं, आणि मध्ये राहिली होती एक कोरी वाटोळी जागा.

रेघोबा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून टेबलाच्या कडेला ठेवलेल्या आपल्या जेवणाच्या डब्याकडे पाहिलं. तीन खणांचा, पितळी, वहिनींनी लग्नात आणलेला, आजतागायत तोच. त्यांनी तो उचलला आणि अलगद त्या कोऱ्या जागेवर ठेवला. बुडाची कड ठिपक्यांना बरोब्बर लागली, एक केसही इकडे तिकडे नाही.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू? मग मावशींच्या पेटीतली ती अकरा पत्रं आठवली.

नकाशा उतरवायचं कापड गुंडाळलं जातं, म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर वजनं ठेवतात. कचेरीत लोखंडी वजनं चार होती, त्यातलं एक तेव्हाच्या साहेबांनी खोलीचं दार अडवायला नेलं. मागायची छाती कोणाची? रेघोबा चौथ्या कोपऱ्यावर डबा ठेवायचे. सगळं उतरवून झालं की एकेक वजन उचलायचं आणि त्याच्याखालचं भरून काढायचं, ही त्यांची पद्धत. तीन वजनं उचलून झाली होती, सहीसुद्धा झाली होती. डबा उचलायचा तेवढा राहिला होता, आणि दवाखान्यातून निरोप आला की मुलगी झाली. हा माणूस आयुष्यात एकदाच रेघ अर्धी टाकून पळाला, तो त्या दिवशी. तीन दिवसांनी परत आले तोवर नकाशा छापायला गेलेला. आणि छापणाऱ्याने विचारलं, सतरा नंबरला काय लिहू? तेव्हा टेबलावर मीच होते. मी नकाशा बघितला, तिथे काही दिसलं नाही, आणि मी सांगितलं, मोकळी जागा.

"बाई," रेघोबा म्हणाले, "कोणाला बोलू नका. नव्या नकाशात मी दोरघर दाखवतो. झालं, मिटलं."

मलाही ते पटलं. माझंही नाव त्यात होतंच की. पण दुपारी त्यांनी मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, "नव्या नकाशात एखादं बांधकाम जास्तीचं आलं तर हो?"

"जुन्यात नसेल तर ते नंतरचं," मॅडम म्हणाल्या. "नंतरचं म्हणजे विनापरवाना. पाडायचं."

"आणि समजा, जुनाच चुकला असेल?"

"मग ज्याने काढला त्याने सुनावणीत उभं राहून सांगायचं, लिहून सही करायची. त्याच्याशिवाय मी तो बदलू शकत नाही." त्या हसल्या. "पण तुमचा नकाशा कुठला चुकायला, रेघोबा? निरोपाला तोच तुम्हाला भेट द्यायचा ठरलाय, चौकटीसकट. हे गुपित होतं, फुटलं बघा."

"छे, छे, सहज विचारलं," रेघोबा म्हणाले, आणि जागेवर येऊन बसले.

सुनावणीला दहा दिवस होते. ते दहा दिवस आठवले तरी माझं डोकं तापतं. रेघोबा कोणाशी बोलेनात. पेन्सिली तासेनात, सहा पेन्सिली सहा लांबीच्या झाल्या. एक दिवस मी सरळ तोफ डागली. "तिकडे ती बाई सामान बांधून निघालीय, आणि तुम्ही इथे मूग गिळून बसलाय! लाज नाही वाटत?"

"वाटते," ते म्हणाले. "म्हणूनच बोलता येत नाही. चोवीस वर्षं माणसांना हाताला धरून त्या भिंतीपुढे नेलं, बाई. आता त्याच भिंतीपुढे उभं राहून काय सांगू, डबा राहिला?"

मला राग आला होता, तरी त्यांची कीव आली. त्या नकाशाशिवाय त्या माणसाजवळ मिरवायला दुसरं काय होतं? ना हुद्दा, ना मोटार. आणि मी तरी कुठली शूर? मीही कोणाला काही सांगितलं नव्हतं. नुसती त्यांच्यावर ओरडत होते, कारण ते सोपं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "यांना झालंय काय? डबा भरलेला जातो, भरलेलाच येतो. काल म्हणतात, हा डबाच नको, दुसरा आण. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर अंगावर येतात." त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मग मी सगळं सांगून टाकलं, डब्यापासून नोटिशीपर्यंत.

वहिनींनी तिकडे नाक शिंकरलं. "एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "मी देवाला काय काय बोलले होते! आमची पोर झाली त्या दिवसाची चूक आहे ती. म्हणजे अर्धी माझी. उद्या मी येते तिथे. आणि डबाही तोच भरून देते, बघते कसे नेत नाहीत ते."

सुनावणीला सभागृहात तीसेक माणसं होती. वखारवाले, दुकानदार, दोन पत्रकार, आणि मागच्या रांगेत वहिनी. मॅडम एकेक भूखंड वाचत होत्या आणि कोणाची हरकत आहे का विचारत होत्या. कॅसेटच्या टपऱ्यांचं कलम रद्द झालं तेव्हा हशा पिकला. मग मॅडम म्हणाल्या, "सतरा नंबर. मोकळी जागा. तिथलं विनापरवाना बांधकाम काढून पायवाट. हरकत?"

मावशी उठल्या. "हरकत कसली? एक महिना जास्त द्या. तंबूवाल्याचा दोर राहिलाय."

मी रेघोबांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मॅडमनी लिहायला पेन उचललं, आणि मी खुर्चीचा हात धरला. म्हटलं, आता मी उठते, काय व्हायचं ते होऊ दे. तेवढ्यात खुर्ची सरकली. रेघोबा उठले, तरातरा भिंतीपाशी गेले आणि आपला नकाशा चौकटीसकट खाली उतरवला. टेबलावर आडवा ठेवला. मग पिशवीतून डबा काढून त्याच्यावर ठेवायला गेले, तर मोठी प्रत असल्याने तो बसेना. लोक हसायला लागले.

"याच्यावर नाही बसणार, मूळ कापडावर बसतो," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "हसा, हसण्यासारखंच आहे. कापड उडू नये म्हणून मी कोपऱ्यावर डबा ठेवला होता. त्याच्याखाली दोरघर होतं. डबा उचलून ते काढायचं राहिलं. मूळ कागदात ते आहे, नव्वद वर्षांपूर्वीही होतं. ते मोकळी जागा नाही. बाईंचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे, नकाशाची आहे, आणि मी सही करून देतो."

हसणं थांबलं. मागून वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरोबर बोललात!"

मॅडमनी मूळ कागद मागवला, कापड मागवलं, रेघोबांनी डबा ठेवून दाखवला. पत्रकारांनी फोटो काढले. दहा मिनिटांत सगळं झालं. नोटीस रद्द, सतरा नंबरला दोरघर, जुनी जपण्याजोगी इमारत म्हणून नव्या नियमावलीत नोंद, दुरुस्तीला परवानगी. पायवाट दोरघराला वळसा घालून जाईल, मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या नंबराला लागल्या.

सुनावणी संपली, लोक पांगले. रेघोबा एका खुर्चीत बसून घाम पुसत होते, आणि वहिनी त्यांना तिथेच डबा उघडून खायला घालत होत्या. कोणी बघेल याची दोघांनाही फिकीर नव्हती. मी मनातून हलकी झाले होते. मावशी मात्र टेबलापाशीच उभ्या होत्या. मला वाटलं, आनंदाने काही सुचत नसेल.

"हा जुना कागद खराच ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी खरा," रेघोबा हात पुसत उठले. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "हे बघा. दोरघर. अक्षर वाचता येतंय ना?"

मावशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे खरं सांगत होते."

"कोण, मावशी?" मी विचारलं.

"आमचे हे. मी लग्न होऊन आले तेव्हाच मला म्हणाले होते, आजोबांनी रीतसर बांधलंय, सरकारी नकाशात आहे. आमचे कागद पुरात गेले. मग तुमचं पहिलं उत्तर आलं, की नकाशात नाही. दुसरं आलं, तिसरं आलं. मी म्हटलं, कचेरी कशाला खोटं लिहील? तुमच्या आजोबांनी जागा बळकावली, आणि तुम्ही मला फसवून इथे आणलंत. अठरा वर्षं म्हणत होते मी. भांडण कशावरूनही होवो, शेवटी तिथेच यायचं. पुढे पुढे त्यांनी मला सांगायचं सोडलं. अर्ज तेवढे करायचे."

वहिनींनी डबा बंद केला.

"ती उत्तरं कोण लिहायचं?" मावशींनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. "फार स्वच्छ लिहायचात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "कुठे खाडाखोड नाही. मी ह्यांना म्हणायचे, इतकं नीट लिहिणारी माणसं चुकतील कशी?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "मावशी, आज, आत्ता उत्तर लिहून देते. थांबा तुम्ही. तुमच्या नावाने पत्र काढते."

"माझ्या नावाने नको," त्या म्हणाल्या. "अर्ज त्यांचे होते. उत्तर त्यांना द्या."

मी टाइप करायला बसले. रेघोबा मागे उभे राहून एकेक शब्द सांगत होते, आणि मला मध्येमध्ये डोळे पुसायला थांबावं लागत होतं. वर अर्जदार म्हणून मावशींच्या यजमानांचं नाव घातलं, आणि खाली लिहिलं की आपण अकराही अर्जांत लिहिलं होतं ते खरं होतं.